वनगाईला माती

१३ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज उपाशीपोटी साखर तपासा आणि लिहून ठेवा. त्यासाठी ही डायरी. आज तपासली नाही. उद्या संक्रांत, सकाळपासून दुकानात बायकांची रीघ लागली होती, नसीम आणि मी, आम्हा नवराबायकोचे चार हात पुरेनात. लोणावळ्याच्या बाजारात बांगड्या विकणारे पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन बांगडी भरणारा मणेर मी एकटाच उरलोय. बाकीचे पाकीट देतात आणि घरी जाऊन साबण लावा म्हणतात.

ऐन गर्दीत निलेश आला. कुरवंड्याचा, भैरोबाच्या जत्रा कमिटीचा सेक्रेटरी. पोरगा चांगला आहे. एका रिसॉर्टवर सुपरवायझर असल्यामुळे सगळं लेखी मागायची त्याला खोड लागलीय. आज मात्र तोंडीच बोलला.

"याह्याचाचा, औंदा चवरीचं बगा. गेल्या साली पालखीवर ढाळताना केस गळून गुरवाच्या ताटात पडलं. लोक हसत्यात."

"जुनी झाली रे ती. अब्बांच्या हातची आहे."

"मंग नवी करा. न्हाईतर पुण्यात नायलॉनची मिळती, मी बगून आलोय. पर मंग..." एवढं बोलून तो काचेतल्या बांगड्यांकडं बघत बसला.

पण मग काय, ते मला ठाऊक आहे. आमचं घर मूळचं कुरवंड्याचं. चैत्रातल्या जत्रेत भैरोबाच्या पालखीवर ढाळायची चवरी आमच्या घरानं बांधायची आणि पहिली आमच्याच घरानं ढाळायची, हा आमचा मान. आजोबांच्याही आधीपासूनचा. गावात आता आमचं घर नाही, शेत नाही, एवढा मानच काय तो राहिलाय. देवाला दुकानातली चवरी आली, तर पालखीपुढं उभं राहायला मला कारण काय उरलं?

निलेशला म्हटलं, होईल. म्हणून बसलो खरा, पण घरात केसाची एक बट नाही. चवरीला याकच्या शेपटीचे केस लागतात, तेही पांढरे. अब्बा पुण्याच्या ज्या पेढीवरून आणायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

१६ जानेवारी, गुरुवार

साखर: तिळगुळाचे दिवस, धरू नये.

छेरिंगला विचारून पाहिलं. छेरिंग आमच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर दिवाळीपासून होळीपर्यंत स्वेटर विकते. हिमाचलातल्या स्पितीची. तिच्या आधी तिची आई तिथंच बसायची. बाजारात सगळे तिला नेपाळी म्हणतात. पहिली काही वर्षं ती समजावून सांगायची, आता ओ देते. नसीमचं आणि तिचं चहावरून मेतकूट जमलंय. मी आपलं सहज विचारलं, तुमच्याकडं कुणी याक पाळतं का. तिच्या हातातला मफलर तसाच राहिला.

"भाईजान, हमारे घर का ही याक था. पिछली सर्दी में गया. बूढ़ा हो गया था. पूँछ भाई ने रखी है."

"सफेद?"

"कर्पो नाम था उसका. कर्पो माने सफेद."

इतकी वर्षं आम्ही समोरासमोर बसतो. तिच्या घरानं याक पाळले, माझ्या घरानं याकच्या केसांवर पोट भरलं, आणि आम्ही आजवर बोललो ते थंडी, सुट्टे पैसे आणि नगरपालिकेची गाडी यांवर. भावाला फोन लावते म्हणाली.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीमुळे रस्ता मोटारींनी तुंबला होता. अशा दिवशी धंदा चिक्कीवाल्यांचा होतो, आमचा नाही. छेरिंगही रिकामीच होती. नसीमनं चहा केला आणि आम्ही तिघं दुकानाच्या पायरीवर बसलो.

मी आयुष्यात याक पाहिलेला नाही. आमच्या घरात त्याला वनगाय म्हणायचे. लहानपणी माझ्या डोळ्यांपुढं एक पांढरी गाय यायची, रानात एकटी राहणारी, केस जमिनीला टेकलेले. छेरिंगला "आपकी वनगाय" म्हणालो तर तिला चहाचा ठसका लागला.

"गाय? कर्पो तो बैल था, भाईजान. याक सिर्फ नर को बोलते हैं, मादी को डिमो. टूरिस्ट पूछते हैं, याक का दूध कैसा होता है. हम क्या बोलें?"

मग ती सांगत बसली. डिमोचं दूध घट्ट असतं, त्याचं लोणी चहात घालतात आणि चहात साखरेऐवजी मीठ. इथं नसीमनं तोंड वाकडं केलं. दुधाचे कडक खडे करून वाळवतात, ते गालात धरून दिवसभर डोंगर चढायचा. पोटाखालच्या लांब केसांचे दोर वळतात, तंबू विणतात. आतली मऊ लोकर थंडी संपताना हातानं ओढून काढायची, तिचे मोजे होतात. शेण वाळवून चुलीला, कारण तिकडं जाळायला झाडच नाही. कातड्याचे जोडे. कर्पो नांगराला चालायचा, ओझं वाहायचा, आणि बर्फ पडला की त्याला सगळ्यांच्या पुढं घालायचे. तो छातीनं बर्फ फोडत वाट करायचा आणि मागून माणसं, बकऱ्या, शाळेची पोरं जायची. पाळायला म्हणे फारसं काही लागत नाही. उन्हाळ्यात वर डोंगरात मोकळं सोडायचं, अधूनमधून कुणीतरी वर जाऊन हाक मारायची आणि मुठीत मीठ धरायचं. मिठासाठी कर्पो कुठूनही उतरून यायचा.

"और अब?" मी विचारलं.

"अब भाई टॅक्सी चलाता है."

माझी मुलगी अफसाना पुण्यात बँकेत आहे आणि हातात घड्याळाशिवाय काही घालत नाही, हे मी तिला सांगितलं. दोघंही थोडं हसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेपटी आली. छेरिंगच्या भावानं गोणपाटात शिवून कुरियरनं पाठवलीय. उसवली तसा दुकानभर धुराचा आणि जुन्या लोण्याचा वास सुटला. आख्खी शेपटी, हाडासकट, मुळाशी पिवळसर आणि टोकाकडं चुन्यासारखी पांढरी. छेरिंगनं रस्ता ओलांडून येऊन तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि परत जाऊन बसली.

केस हातात घेतले आणि मी एकदम कुरवंड्याच्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचलो. अम्मा डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. बांगड्यांखाली फडक्यात गंगावनं असायची. विरळ केसांची वेणी जाड दिसावी म्हणून बायका केसांत गुंफतात ते गंगावन. आता ते नायलॉनचं येतं, तेव्हा काळ्या वनगाईच्या केसांचं असायचं. अब्बा ओसरीच्या एका बाजूला पांढऱ्या केसांची देवाची चवरी बांधायचे, दुसऱ्या बाजूला अम्मा काळ्या केसांची गंगावनं, आणि मी मध्ये केसांची टोकं धरून बसायचो. गंगावनाच्या मुळाशी अम्मा उलट्या हातानं एक गाठ मारायची, ती कुणाच्या बापाला सुटायची नाही. मला ती गाठ कधीच जमली नाही. देवाला पांढरे केस आणि बायकांना काळे, असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. अम्मा म्हणाली, देवाला कुठं कुणाच्या लग्नाला जायचंय. ते दिवस आठवले की अजून जीव हुरहुरतो.

ज्यानं विचारलं त्याला शेपटी दाखवली. रिक्षा स्टँडवरची पोरंही आली. एकानं विचारलं, चाचा, ही कसली शेपटी? म्हटलं, वनगाईची. आख्खी आहे, हाडासकट. त्यानं फोटो काढला. मीच म्हटलं, असा नको, मी उजेडात धरतो, नीट काढ. तुमच्या पिढीला पुन्हा कुठं बघायला मिळणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

साखर १६८. शेपटी रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि मागच्या अंगणात सावलीला दोरीवर टांगली.

जुन्या कामाबद्दल लोकांना अजून आस्था आहे, असं मी उगाच म्हणत नाही. काल आणि आज अनोळखी पोरं दुकानासमोर मोटारसायकली उभ्या करून आत बघत होती. मी या म्हटलं, आली नाहीत. लाजली असतील. नसीमनं मात्र ऐन शनिवारी उजेड असतानाच शटर ओढलं. विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. नंतर अफसानाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती, मी गेल्यावर भाजीचे भाव विचारायला लागली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निलेश आला होता. एक चहा घेतला, मग न सांगता दुसराही घेतला. चवरीसाठी जीव लावून बसलाय पोरगा.

"चाचा, ती शेपटी अजून घरातच हाय का?"

"मग कुठं जाईल? वाळतेय."

"आता कुनाला दावू नगा."

"का रे, नजर लागेल?"

"व्हय. तसंच समजा."

एवढा शिकलेला, आणि नजरेवर विश्वास. मला हसू आलं. नसीमला आलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजहून आलो तर दोरी रिकामी.

नसीम म्हणाली, माकडं. म्हटलं, माकडांना शेपटी कशाला हवी, त्यांची त्यांना आहे. ती म्हणाली, माकडंच, मी बघितली. मागच्या महिन्यात माकडांनी तिचा टॉवेल पळवला तेव्हा काठी घेऊन शेजारच्या बंगल्यापर्यंत भांडत गेली होती. आज खाली मान घालून कणीक मळत राहिली. मी सगळी छपरं बघितली, गटार बघितलं, बंगल्याच्या माळ्याला विचारलं. कुठं नाही.

एका शेपटीसाठी या वयात रडू आलं. छेरिंगला काय तोंड दाखवू? गंमत बघा, ती मोटारसायकलीवाली पोरंही आज फिरकली नाहीत. बघण्यासारखं काही राहिलं नाही, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

१६ मार्च, रविवार

रोजे चालू आहेत. साखर तपासायचं नसीमनं अंगावर घेतलंय आणि आकडा ती मला सांगत नाही.

छेरिंग आज गेली. दरवर्षी होळी झाली की बोचकी बांधते. नसीमनं तिच्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या. ओझी उचलून हात राठ झालेले, काही फुटल्या, पण पुऱ्या भरल्या. निघताना तिनं विचारलं,

"भाईजान, कर्पो की चवरी बनी?"

"बन रही है." रोजा धरून खोटं बोललो.

"फोटो भेजना. मेरी भाभी उसी के पीछे चलकर ब्याह के हमारे घर आई थी. बहुत बर्फ थी, वो आगे-आगे."

संध्याकाळी समोर नुसता रिकामा फुटपाथ आणि तिच्या ताडपत्रीच्या विटा. दरवर्षी तो असाच दिसतो, यंदा बघवेना.

२७ मार्च, गुरुवार

इफ्तारच्या जरा आधी निलेश खजूर घेऊन आला. कमिटी नायलॉनची चवरी मागवायची म्हणतेय, काय ते एकदा सांगा म्हणाला. मी म्हटलं, माकडांनी घात केला रे, नाहीतर आज पांढरीशुभ्र चवरी दाखवली असती. त्यानं खजुराचा पुडा टेबलावर ठेवला.

"माकडांनी न्हाई चाचा. ती मी न्हेली."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय.

"फोटू फिरत हुता. मनेराच्या दुकानात गाईची शेपटी, हाडासकट, असं लिवून. कुटनं कुटनं पोरं यायची हुती चाचा. मंग मी ग्रुपवर टाकलं, शेपटी गावानं ताब्यात घेतली, गाईला रीतसर माती दिली, इषय संपला. तवा थांबली."

"माती दिली?"

"आमच्या शेताच्या बांधाला. मीठ घातलं, हळदकुकू व्हायलं, नारळ फोडला. खोटं बोललो असं नगं व्हायला."

"अरे, ती वनगाय. याक असतो तो."

"गायच की मंग. तुमीच म्हनला हुता."

मी काय म्हणालो होतो ते आठवलं. फोटो नीट यावा म्हणून शेपटी उजेडात धरली होती, तेही आठवलं. मोटारसायकली, शटर, नसीमचं दुखणारं डोकं. मी विचारलं, मागच्या दाराला आतून कडी होती, तू अंगणात शिरलास कसा? निलेश नसीमकडं बघायला लागला. नसीम म्हणाली दूध उतू जाईल आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

निलेश म्हणाला, उकरून आणून देतो. मी नको म्हटलं. एकदा माती दिली की वर काढायचं नसतं, हे आमच्यात आणि त्यांच्यात सारखंच आहे.

मला काय लागलं ते इथं लिहितो, बोलायला दुसरी जागा नाही. निलेशनं मला वाचवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला वाचवायची वेळ आली, हे कसं गिळू? फोटो एवढ्या लोकांनी पाहिला. त्यातल्या एकानं दुकानात येऊन विचारायचं होतं, याह्या, हे काय आहे. मी चहा पाजून सांगितलं असतं. निलेशला सांगितलं, नायलॉनची आणा. मी जत्रेला येणार नाही. खजूर टेबलावर तसेच राहिले, रोजा पाण्यावर सोडला.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला, आज ईद. नमाजहून आलो आणि धोंडामावशी दारात. निलेशची आजी, धोंडाबाई. दर ईदला ती कुरवंड्याहून शिरखुर्मा खायला येते. अम्मा असल्यापासूनचा रिवाज आहे, अम्मा गेल्यावरही तिनं मोडला नाही. निलेशनं गाडीवर आणली होती, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"याह्या, जत्रंला येनार न्हाईस म्हनं," मावशीनं बसता बसता विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत शांतपणे शिरखुर्मा खात होती. वाटी संपवली, बोटं पुसली आणि दोन्ही हात मागं नेऊन अंबाडा सोडला. तिचे स्वतःचे केस पांढरेशुभ्र, करंगळीएवढे. त्यांच्यातून निघालं एक लांब काळंभोर गंगावन.

"निलू, हिकडं ये. हात म्होरं कर."

"काय गं आजे?"

"ह्ये घे आन् ह्ये बी गाड. मीठ घाल, नारळ फोड. ह्ये बी वनगाईचंच हाय. याह्याच्या आयनं बांधून दिल्यालं. तुज्या बापाच्या बारशाला ह्येच हुतं डोक्यात. देवाम्होरं फुगड्या घातल्या तवा बी ह्येच हुतं. गावातल्या समद्या बाया वनगाय डोक्यात घिऊन देवळात जात हुत्या. तवा कुनी फोटू काडला न्हाई. जा, गाड."

निलेश ते हातात घेऊन उभा राहिला. त्याला टाकताही येईना आणि धरताही येईना. शेवटी म्हणाला, "आजे, ऱ्हाऊ दे की."

"मंग याह्याला दे. चवरी बांदू दे ह्याची."

मी म्हटलं, "मावशी, देवाची चवरी पांढरी असते. हे काळं आहे."

"माजं डोस्कं पांढरं झालं तेवढं बास. देवाचं काळं ऱ्हाऊ दे. त्यो का म्हातारा झालाय?"

पहिली हसली ती नसीम. दीड महिन्यात तिला हसताना पाहिलं नव्हतं. निलेश आत येऊन बसला आणि दोन वाट्या शिरखुर्मा खाल्ला. मी गंगावन हातात घेतलं. मुळाशी बोट गेलं आणि थांबलं. अम्माची गाठ. इतकी वर्षं, इतके अंबाडे, आणि सुटली नव्हती.

६ एप्रिल, रविवार

धोंडामावशीनं गावात काय सांगितलं माहीत नाही, पण गंगावनं यायला लागलीत. रेशनच्या पिशवीतून, पावडरच्या डब्यातून, एक तर लग्नातल्या साडीच्या घडीतून. कुणाची सासूची, कुणाची आईची. निलेश एकेक आणून देतो आणि सवयीप्रमाणे कुणाचं ते चिठ्ठीवर लिहून बांधतो. मी एक केस जाळून बघतो. नायलॉनचा असला तर वितळून मणी होतो, तो परत. खरा असला तर वास येतो, आणि त्या वासाबरोबर खोबरेल, शिकेकाई आणि अम्माची सगळी गिऱ्हाइकं दुकानात येऊन बसतात. बहुतेक जणी आता नाहीत. काही गंगावनांना अम्माची गाठ आहे.

कमिटीतल्या एकानं अडवून पाहिलं, बायकांच्या डोक्यातलं देवाला कसं चालेल. अंबाजी गुरवानं मला एवढंच विचारलं, धुतलंय का? धुतलंय म्हटल्यावर म्हणाला, मंग काय तर.

रात्री जेवताना नसीमला म्हटलं, मागच्या दाराला कुलूप लावूया, माकडं फार झालीत. ती ताटाकडं बघत म्हणाली, "माकडं घाबरली होती."

म्हटलं, "माहीत आहे मला."

तिनं मला आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हटलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

चवरी झाली. चांदीची मूठ देवळातून निलेशनं आणून दिली होती, जुने केस काढून चिंचेनं घासली. अब्बांच्या चवरीत उरलेले थोडे पांढरे केस टाकवले नाहीत, ते अगदी आत, मध्यभागी घेतले. बाहेरून सगळं काळं. अम्माच्या गाठी मी सोडल्या नाहीत. सोडायच्या म्हटल्या तरी सुटल्या नसत्या. तशाच मुठीच्या आत बसवल्या. सगळं एकत्र बांधताना शेवटची गाठ मारायला घेतली आणि हात आपोआप उलटा वळला. ओढून बघितली. नसीमलाही ओढायला सांगितली. सुटली नाही.

२० एप्रिल, रविवार

जत्रा. फार लिहीत नाही, पाय सुजलेत. पालखी उठली, अंबाजीनं नाव पुकारलं आणि मी चवरी ढाळली. गुरवाच्या ताटात काही पडलं नाही. म्हाताऱ्या सगळ्या पुढं येऊन उभ्या होत्या आणि एकमेकींना बोटानं दाखवत होत्या, त्यो कडंचा झुबका माजा, न्हाई गं, त्यो माज्या सासूचा. धोंडामावशी छोटासा पांढरा अंबाडा घालून सगळ्यांच्या पुढं. मला वाटलं, अम्मा कुठंतरी पाटी टेकवून बघत असेल. देवळापुढं उभ्या उभ्या डोळ्यांना धार लागली आणि मी पुसली नाही, हातात चवरी होती.

२२ एप्रिल, मंगळवार

साखर: काल परवा प्रसाद झाला, आज तपासणार नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी निलेश म्हणाला, चला, जागा दावतो. नागफणीच्या वाटेला त्यांचं शेत आहे, तिथं बांधावर. मला वाटलं, नुसती माती दिसेल. बघतो तर शेंदूर लावलेला दगड, वर हळदकुंकू, खण आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या माझ्याच दुकानातल्या होत्या, मी माझा माल ओळखतो. निलेश जरा ओशाळला. कुणाची तरी हरवलेली म्हैस बांधाजवळ सापडली, तेव्हापासून बायका इथं ओटी भरायला येतात म्हणाला. वनगाय म्हणतात तिला. आता याक होता हे सगळ्यांना माहीत आहे, पण ओटी थांबली नाही.

तिथूनच छेरिंगला व्हिडिओ फोन लावला. चवरीचा फोटो आधी पाठवला होता, आता सगळं खरं सांगितलं, मी खोटं बोललो होतो तेही.

"नमक डाला था?" तिनं विचारलं.

"हाँ. बहुत."

"अच्छा किया. उसको नमक पसंद था."

मग तिनं फोन खिडकीबाहेर धरला. शेजाऱ्याचा याक उभा होता, काळा, धिप्पाड, डोळ्यांवर केस. सत्तरीला आलो आणि पहिल्यांदा याक पाहिला. गाईसारखा मुळीच दिसत नाही. मी तिला दगड दाखवला. हिरवं काय आहे म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, चूड़ियाँ. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि कुणालातरी तिच्या भाषेत ओरडून बोलावलं. बहुतेक भावाला.

निलेश जरा लांब उभा होता. ओटी घेऊन आलेल्या दोन बायका पदर सावरून फोनकडं बघत होत्या. त्यानं विचारलं, "काय म्हनत्यात चाचा?"

"नमस्कार सांगितलाय. मीठ वाहत जा म्हणाली."

बायकांनी दगडाला हात जोडले. मीही जोडले. कर्पो बैल होता, हे मी गावात कुणालाच सांगितलेलं नाही.